एका घरात एक फोन असताना संमती कोणाची धरायची?

कृष्णाकाठ (पलूस)

नमस्कार. डिजिटल व्यवहारांचा विषय निघाला की आपली चर्चा बहुधा फसवणुकीच्या घटनांवर किंवा मुलांच्या मोबाइलवेडावर येऊन थांबते. हे दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर आपल्या भागात कामही झाले आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरवले, तेव्हा त्याची दखल परदेशी वृत्तसंस्थांनीही घेतली. मला येथे वेगळाच प्रश्न मांडायचा आहे, कारण तो रोज डोळ्यांदेखत घडत असूनही त्याची तक्रार कोणी करत नाही.

बँक, रेशन, पीकपाहणी, शिष्यवृत्ती, पेन्शन या प्रत्येक व्यवस्थेने एक माणूस मनाशी धरलेला आहे. त्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, त्या फोनवरचे संदेश तो एकटाच वाचतो, समोरचा मजकूर त्याला समजतो आणि विचार करून तो ‘मी सहमत आहे’ या चौकोनात खूण करतो. आपल्या गावांतील किती घरांत असा माणूस सापडेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरत असलेला मोबाइल असणाऱ्या स्त्रियांचे देशातील प्रमाण ५४ टक्के आढळले आणि ग्रामीण भागात ते निम्म्याहूनही कमी होते. सासू, सासरे, सून आणि शाळकरी मुलगा या चौघांच्या आधारला एकच क्रमांक जोडलेला असणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे, आणि तो क्रमांक बहुधा घरातील कर्त्या पुरुषाचा असतो.

‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सक्तीची झाली, त्या काळात सेवा केंद्रांवर काय चालले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. बाई केंद्रावर उभी असते. तिच्या आधारचा ओटीपी चाकणच्या कारखान्यात पाळीवर असलेल्या मुलाच्या फोनवर जातो आणि मुलाचा फोन पाळी सुटेपर्यंत कारखान्याच्या कपाटात बंद असतो. मुलाची जेवणाची सुट्टी होईपर्यंत ती पायरीवर बसून राहते. मग मुलगा फोनवरून आकडे सांगतो, बाई ते मोठ्याने उच्चारते, रांगेतले सगळे ऐकतात आणि केंद्रचालक ते टंकतो. संमतीच्या चौकोनातली खूण चालकाच्या माऊसने झालेली असते. पडदा चालकाकडे तोंड करून असल्यामुळे बाईला त्यावर काय लिहिले होते ते दिसतही नाही. एवढे झाल्यावर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारसाठी हाच प्रकार पुन्हा करायचा. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, त्यांनी काय करायचे, हे योजनाकारांना आधी सुचलेच नव्हते. मुदत वाढवताना अशा स्त्रियांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी सोय नंतर करावी लागली.

सरकारी नोंदीत मात्र त्या बाईने स्वतः, समजून-उमजून, राजीखुशीने संमती दिली असे कायमचे लिहिले गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तो हक्क त्या पायरीवर बसलेल्या बाईलाही मिळाला आहे, असे मी धरून चालते. मग तिच्या नावाने दिली गेलेली ही संमती आपण खरी मानायची का, आणि मानायची नसेल तर गावपातळीवर काय बदलता येईल, यावर सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे.


माणदेशी (दहिवडी)

ताई, आपण वर्णन केलेल्या टेबलाच्या पलीकडे मी बसतो. गेली बरीच वर्षे मी सेवा केंद्र चालवतो, म्हणून चालकाची बाजू मांडतो.

लोक आमच्याकडे कागद ठेवून जातात ते आम्ही मागतो म्हणून नाही. पुन्हा हेलपाटा नको, म्हणून माणूसच सांगतो की आधारची झेरॉक्स तुमच्याकडेच असू द्या. पासबुकाच्या पहिल्या पानावर एटीएमचा पिन पेनाने लिहून आणणारे ग्राहक आजही येतात. व्हॉट्सअॅपवर आधार, पॅन, सातबारा, जातीचा दाखला आणि फोटो असा सगळा संच पाठवून लोक निश्चिंत होतात आणि माझ्या फोनच्या गॅलरीत अर्ध्या गावाची कागदपत्रे साठतात. संध्याकाळी बसून ती पुसायची, असा माझा नियम आहे; पण तसा नियम करा असे मला कोणी सांगितलेले नाही आणि मी तो पाळतो की नाही हे तपासायलाही कोणी आलेले नाही.

पडदा फिरवून मजकूर वाचून दाखवावा, हे मला पटते. त्यातली अडचणही सांगतो. शेवटची तारीख जवळ आली की पोर्टल दिवसा चालत नाही, म्हणून आम्ही रात्री बसून अर्ज भरतो. रात्री अकरा वाजता अर्जदार माझ्यासमोर नसतो, त्याचे कागद असतात आणि फोनवरून सांगितलेला ओटीपी असतो. आपल्याला संमती खरी हवी असेल तर आधी त्या शेवटच्या तारखांचे काही तरी करा. घाईत कोणीही कोणाला काही समजावून सांगू शकत नाही.

अंगठ्याविषयीही लिहितो. ऊसतोडीच्या हंगामात बीड, धाराशिवकडून टोळ्या येतात. कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो. मग पदराने बोट पुसायचे, यंत्राची काच पुसायची, अनामिका लावून पाहायची, डावा हात लावायचा. माणूस प्रत्यक्ष समोर उभा आहे, शेजारी त्याचे नाव घेऊन हाक मारत आहेत आणि यंत्र मात्र त्याला ओळखत नाही, हे रोजचे दृश्य आहे.


विश्रामबाग (सांगली)

वकिली व्यवसायात असल्यामुळे कायद्याची बाजू मांडतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे सांगतो आणि ती जितक्या सहज देता आली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे अशीही अट घालतो. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यायच्या आहेत. मात्र कृष्णाकाठ यांनी निवडलेल्या उदाहरणाला हे संरक्षण थेट लागू पडत नाही, हे येथे नोंदवणे भाग आहे. अनुदान, लाभ, सेवा, दाखला किंवा परवाना देण्यासाठी शासनाने माहिती वापरली, तर कलम ७ नुसार ठरावीक अटींवर वेगळ्या संमतीची गरजच उरत नाही. म्हणजे शासकीय योजनांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला, ज्याच्यापुढे नकार देण्याची सोय मुळातच सर्वांत कमी असते, हा कायदा संमतीची ढाल देत नाही.

त्याऐवजी आपल्याला आधारच्या २०१६ च्या कायद्याकडे पाहावे लागेल. त्यातील कलम ८ प्रमाणे ओळख पडताळणारी संस्था त्या व्यक्तीची संमती घेण्यास बांधील आहे. कोणती माहिती घेतली जाईल, ती कशासाठी वापरली जाईल आणि आधार न देता दुसरा कोणता पर्याय आहे, हेही तिने सांगितले पाहिजे. आधारच्या वैधतेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. त्या सुनावणीत यंत्रावर ओळख पटली नाही म्हणून कोणाला लाभ नाकारला जाणार नाही, अशी हमी सरकारतर्फे देण्यात आली होती आणि न्यायालयाने ती नोंदवून घेतली. माणदेशी यांनी सांगितलेल्या तोडणी मजुराला रेशन दुकानदाराने रिकाम्या हाताने परत पाठवले, तर ते या हमीच्या सरळ विरुद्ध आहे. पर्याय कागदावर आहेत; ते सांगायला खिडकीवर माणूस नाही, हा खरा पेच आहे.


सेविका (कोरेगाव)

मी अंगणवाडीत काम करते. आमच्या संघटनांनी २०२१ मध्ये सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, ते आठवत असेल. फोन निकृष्ट होते, सतत बंद पडत होते आणि पोषण ट्रॅकर हे नोंदी भरायचे अॅप इंग्रजीत होते. तेव्हा बाहेरच्या लोकांना वाटले की आम्हाला काम नको आहे. वास्तविक ज्या यंत्रातील मजकूर आम्हालाच वाचता येत नव्हता, त्यात दुसऱ्या बाईची माहिती आम्ही तिच्या वतीने कशी भरायची, हा आमचा प्रश्न होता.

आता १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने पडताळावा लागतो. बाळंतीण घराबाहेर पडत नसेल तर सासू आहार न्यायला येते. पण यंत्राला सासू चालत नाही. फोटोसाठी ओल्या बाळंतिणीच्या दारात जाऊन उभे राहावे लागते. बहुतेक जणी काही बोलत नाहीत. एकीने मला विचारले की माझा हा फोटो कुठे जातो आणि तो कोण पाहतो. मला जे माहीत होते ते मी सांगितले, आणि ते फार थोडे होते.

पण कृष्णाकाठताई, तुमच्या ‘एक फोन’ या मुद्द्यात मला सर्वांत जास्त टोचते ते वेगळेच आहे. गरोदरपणाची नोंद करताना मोबाइल क्रमांक द्यावा लागतो. मुलीकडे स्वतःचा फोन नसतो, म्हणून ती नवऱ्याचा किंवा सासऱ्यांचा क्रमांक सांगते. त्यानंतर तपासणीचे, लसीचे, पैसे जमा झाल्याचे सगळे संदेश त्या फोनवर जातात. बहुतेक घरांत यात काहीच वावगे नसते, उलट सासरे काळजीने आठवण करून देतात. परंतु एखादीला दिवस गेल्याचे अजून घरात सांगायचे नसते. एखादीचा गर्भ टिकलेला नसतो आणि नोंद मागे राहिल्यामुळे तपासणीची आठवण देणारे संदेश येतच राहतात. ती ते दुःख विसरू पाहत असते आणि घरातला कोणीतरी तो संदेश सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन स्त्रीचे नाव आणि तपशील उघड करण्यास मनाई झाली आहे. डॉक्टरने ते उघड केले तर त्याला शिक्षा आहे. फोनच्या पडद्यावर ते उघड झाले तर कोणाला जबाबदार धरायचे?

मी माझ्यापुरता एक मार्ग काढला आहे. क्रमांक विचारण्याआधी मी त्या मुलीला बाजूला घेते आणि कोणाच्या फोनवर संदेश गेलेले तुला चालतील, एवढे विचारते. काही जणी आईचा क्रमांक देतात, तर एकीने मैत्रिणीचा दिला. फॉर्ममध्ये हा प्रश्न नाही आणि तो विचारायला फारसा वेळही लागत नाही. अडचण एवढीच की तो चार माणसांत विचारता येत नाही, आणि आमच्या खोलीला आडोसा नाही.


कांदाटी (सध्या नवी मुंबई)

सेविकाताईंचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. तरीही दुसरी बाजू मांडली पाहिजे, म्हणून लिहितो.

आमचे गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे आहे. धरणाने खोऱ्याचे दोन भाग केले, तेव्हापासून अनेक कामांसाठी लाँचने तापोळ्याला किंवा बामणोलीला यावे लागते. मोबाइलची रेंज सड्यावर एखाद्या ठरावीक जागी मिळते. जावळी-महाबळेश्वर भागातील कर्ते पुरुष दोन-तीन पिढ्या मुंबईत माथाडी काम करत आले आहेत आणि गावात बहुतांशी म्हातारी माणसेच राहतात. माझ्या आईच्या आधारला, बँकेला आणि गॅसला माझा क्रमांक आहे, कारण तिच्या हातातल्या फोनवर ओटीपी पोहोचेल याची खात्री नाही. तिचे सगळे व्यवहार मी इथून करतो. हा क्रमांक तिच्यापासून काढून घेतला तर तिची गोपनीयता वाढणार नाही, तिचे पैसे अडकून पडतील.

आमच्याकडे निर्णय घराचा असतो. आईला विचारले तर ती म्हणेल की तू केलेस म्हणजे मीच केले. शहरात, इंग्रजीत लिहिलेल्या कायद्याने धरलेला तो एकटा माणूस आमच्या खोऱ्यात नाही म्हणून आमची संमती खोटी ठरवू नका. आधी नेटवर्क द्या, बाकीचे मागाहून पाहू.


कृष्णाकाठ (पलूस)

कांदाटीदादा, आपल्या आईचा आपल्यावरील विश्वास खोटा आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. घरातील माणसांनी एकमेकांचे व्यवहार पाहणे ही आपल्या समाजाची ताकद आहे आणि त्या आधारावरच या सगळ्या योजना प्रत्यक्षात चालतात. सरकार त्या कष्टाचा एक पैसाही मोजत नाही. माझा प्रश्न त्या घराविषयी आहे जिथे हा विश्वास पुढे तुटतो. भाऊ-भाऊ वेगळे होतात, सून विधवा होते, लेक हिस्सा मागते, तेव्हा कोणाच्या क्रमांकावर संदेश येतात याला अचानक फार महत्त्व येते. पैसे जमा झाल्याचे ज्याला कळते तोच ते काढतो. फेरफाराची सूचना ज्याला मिळते तोच हरकत घेऊ शकतो.

आपली जुनी व्यवस्था याबाबत इतकी भोळी नव्हती. बहिणीने भावाला हक्कसोडपत्र करून द्यायचे असेल तर तिला दुय्यम निबंधकासमोर स्वतः हजर व्हावे लागते. दस्त तुम्हीच करून दिला आहे का, त्यातील मजकूर तुम्हाला मान्य आहे का, हे अधिकारी तिला समोरासमोर विचारतो आणि तिने तिथे नकार दिला तर दस्त नोंदला जात नाही. नोंदणीचा कायदा १९०८ चा आहे. त्या वेळी स्त्रियांच्या साक्षरतेची स्थिती काय होती ते आपल्याला माहीत आहे. तरीही, किंवा म्हणूनच, कायद्याने विचारणारा एक माणूस मध्ये उभा केला. तिथेही दबाव चालतो, भावांचे चेहरे पाहून बहिणी ‘हो’ म्हणतात, हे मी नाकारत नाही. पण नाही म्हणण्याचा एक क्षण तिला मिळतो. ओटीपीने तो क्षण काढून घेतला आहे. सहा आकडे सांगणाऱ्याला कोणी काही विचारतच नाही.


जत पूर्व

एक छोटी पण महत्त्वाची भर. आमच्या भागातील अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे. मुलांच्या शाळा कन्नड माध्यमाच्या आहेत. इंग्रजी न समजणाऱ्या माणसाला मराठीत समजावून सांगितले की काम झाले, असे वर सर्वांनी गृहीत धरले आहे. नव्या डेटा कायद्यात सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीसपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय असावा अशी तरतूद आहे. कन्नड त्यांत आहे. ती आमच्या केंद्रावर कधी दिसेल याची आम्ही वाट पाहत आहोत. तोपर्यंत शेजारी बसलेला माणूसच दुभाषी असतो आणि त्याला सगळे कळते.


निवृत्त बँक कर्मचारी (मिरज)

पैशांच्या बाबतीत या सगळ्याचा परिणाम काय होतो ते सांगतो, कारण ग्राहकांना ते नुकसान झाल्यावरच कळते.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सहकारी बँकांसाठी ग्राहकाच्या जबाबदारीची परिपत्रके काढली. बँक आणि ग्राहक या दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. मात्र ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. आता एका फोनच्या घरात याचा अर्थ लावून पाहा. खातेदार बाईला संदेश मिळतच नाही, तिचे तीन दिवस दुसऱ्याच्या फोनवर सुरू होतात. ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिचा एकही व्यवहार होत नाही, आणि सांगितला की निष्काळजीपणाचा ठपका तिच्यावरच येतो.

आधारवरून अंगठा लावून पैसे काढण्याची जी सोय आहे, तिला ओटीपी किंवा पिन लागत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी ती खरोखर उपकारक ठरली आहे. पण नोंदणी झालेल्या दस्तांवरील ठशांवरून नकली ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे काही राज्यांत उघड झाले आहेत. यावर उपाय म्हणून आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात. ते अवश्य करावे असे मी लोकांना सांगत असे. अडचण ही की कुलूप लावले की रेशनच्या यंत्रावरही अंगठा चालत नाही आणि कुलूप काढायला पुन्हा फोन लागतो. म्हणजे ज्याला रेशन घ्यायचे नाही आणि ज्याच्याकडे चांगला फोन आहे, त्यालाच ही सुरक्षितता परवडते. पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, हे मात्र प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवा. तो फोन शेजाऱ्याच्या मोबाइलवरूनही करता येतो.


विसापूर (ता. तासगाव)

गोपनीयतेचा मुद्दा रास्त आहे; परंतु त्याची दुसरी टोकदार बाजू कोणी लिहिलेली नाही. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये आमच्या विसापुरात पहिल्यांदा राबवून पाहिली. त्या योजनेचा जीव सार्वजनिक हजेरीपटात होता. कोण कामावर आले, कोणाला किती मजुरी मिळाली, हे गावासमोर असायचे आणि म्हणून खोटी नावे पकडली जायची. पुढे केंद्राच्या रोजगार हमीत १ जानेवारी २०२३ पासून हजेरी अॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. मजुराचा चेहरा सर्व्हरवर गेला. आणि घोटाळा थांबला का? फोटोचाच फोटो काढून चढवल्याचे आणि कामाशी संबंध नसलेली चित्रे टाकल्याचे प्रकार खुद्द केंद्रीय मंत्रालयाला २०२५ च्या जुलैत पत्र काढून राज्यांच्या निदर्शनास आणावे लागले.

दुसरीकडे, डेटा संरक्षण कायद्याच्या आडून माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल झाला आहे. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येईल, असे त्या कलमातच लिहिलेले होते. आता ते शब्द तिथून गेले आहेत. कलम ८(२) खाली जनहिताचा आधार अजून घेता येतो, पण तो अधिकाऱ्याला पटवून द्यावा लागेल. उद्या लाभार्थींची यादी मागितली तर ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर येईल अशी मला भीती वाटते. गरिबाचा चेहरा, ठसा आणि मासिक पाळीची तारीख यंत्रात उघडी, आणि पैसे कोणी खाल्ले ती यादी मात्र झाकलेली, असा उलटा कारभार आपण होऊ देता कामा नये. बाळंतिणीचा फोटो खासगी आहे. तिच्या नावावरचा आहार खरोखर आला का, हे खासगी नाही. आपण जी काही मागणी कराल तीत हा फरक स्पष्ट लिहा.


कृष्णाकाठ (पलूस)

विसापूर यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो आणि पुढील मसुद्यात तो घेतला आहे. ग्रामसभेत मांडण्यासाठी एक ठराव तयार करावा असे मनात आहे, त्याचा आशय असा.

आमच्या गावातील सेवा केंद्रावर, रेशन दुकानात आणि अंगणवाडीत कोणत्याही माणसाच्या नावाने ओटीपी, अंगठा किंवा चेहरा घेण्याआधी तो कशासाठी घेतला जात आहे, हे त्याला त्याच्या भाषेत तोंडी सांगावे आणि पडदा त्याला दिसेल असा ठेवावा. केंद्रावर दिलेली कागदपत्रे काम झाल्यावर परत करावीत आणि फोनवर आलेल्या प्रती पुसाव्यात. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी द्यावी. यंत्रावर ओळख पटली नाही तर दुकानदाराने वहीत नोंद करून धान्य द्यावे आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी. नोंदणीच्या वेळी स्त्रीला संदेश कोणाच्या क्रमांकावर चालतील, हे एकांतात विचारावे आणि त्यासाठी अंगणवाडीत एक पडदा किंवा फळीचा आडोसा ग्रामपंचायतीने करून द्यावा. लाभार्थींची नावे आणि मिळालेला लाभ पूर्वीप्रमाणे फलकावर लावावा. आधार क्रमांक, खाते क्रमांक, फोटो आणि आरोग्याची माहिती मात्र लावू नये.

कांदाटीदादांच्या आग्रहाचाही विचार केला आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाने व्यवहार पाहण्यास हरकत नसावी. फक्त कोणी पाहायचे ते त्या व्यक्तीने एकदा स्वतः येऊन, नाव घेऊन सांगावे, आणि नाव बदलायची इच्छा झाली तर कारण न देता बदलता यावे. विश्रामबाग यांनी मसुदा कायद्याच्या दृष्टीने तपासावा.


विश्रामबाग (सांगली)

आशय योग्य आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. सेवा केंद्राची परवानगी ग्रामसभा देत नसल्याने खासगी केंद्राच्या बाबतीत हा ठराव जिल्हाधिकारी कार्यालयाकडे शिफारस म्हणून पाठवावा लागेल. ग्रामपंचायतीत बसणाऱ्या संगणक परिचालकाला मात्र तो थेट लागू करण्याचा आग्रह धरता येईल. वहीत नोंद करून धान्य देण्याचे कलम दुकानदाराला तहसील कार्यालयाच्या लेखी सूचनेशिवाय पाळता येणार नाही, म्हणून ठरावाची प्रत पुरवठा निरीक्षकांना द्यावी आणि तशी सूचना मागावी. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर २०१५ च्या राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते, हेही त्याच फलकावर लिहावे. कांदाटी यांच्यासाठी केलेले कलम मला सर्वांत मोलाचे वाटते; ते तसेच ठेवा.


कांदाटी (सध्या नवी मुंबई)

नाव स्वतः येऊन सांगायचे ठीक आहे, पण लाँच पकडून आईने तिथे जायचे असेल तर तेही तिच्यावरच ओझे होईल. ज्या गावांत केंद्र नाही तिथे ग्रामसेवकाने किंवा आशाताईंनी घरी जाऊन विचारावे, एवढी भर घाला. मग माझा विरोध नाही. पुढच्या वेळी गावी जाईन तेव्हा आईला मी स्वतःही विचारणार आहे, माझाच क्रमांक राहू द्यायचा का, की शेजारच्या काकूंचा जोडायचा.


माणदेशी (दहिवडी)

पडदा फिरवणे, तोंडी सांगणे आणि कागद परत देणे या तीन गोष्टी मी माझ्या केंद्रावर लगेच सुरू करू शकतो. त्यासाठी ठरावाचीही गरज नाही. पुसल्याची खात्री कोणाला हवी असेल तर त्याने माझा फोन माझ्यासमोर पाहावा. रात्रीचे अर्ज मात्र मी बंद करू शकत नाही, कारण पोर्टल दिवसा बंद पडते आणि मुदत चुकली तर दोष माझ्यावर येतो. ठरावात एक ओळ शासनासाठीही घाला: शेवटच्या आठवड्यात पोर्टल जितका वेळ बंद राहील, तितकी मुदत आपोआप वाढली पाहिजे. ती ओळ घातलीत तर आमच्या तालुक्यातील इतर चालकांच्या सह्या मी आणून देतो.